जग आणि जग

भाचीच्या लग्नाचं निमंत्रण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलं तेव्हा मी दादाकडेच होतो. दादा माझा मावसभाऊ. तेविसाव्या वर्षी त्याची दृष्टी गेली. पुढे एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून तीसेक वर्षं नोकरी करून तो आता निवृत्त झालाय. त्याने फोनच्या काचेवरून बोट फिरवलं आणि आतली बाई खणखणीत आवाजात वाचू लागली.

"ची. सो. का."

मग भाचीचं नाव, त्यातल्या ऋ-चा 'रि' करून. पुढे पत्ता. तिथे तर बाईंनी वेगच घेतला: "मू पो. ता. जी." शेवटी आत्याचे नमस्कार: "जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात, गुलाब."

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"चि. सौ. कां.," दादा म्हणाला. "बाई हिंदी भाषक आहे. तिच्या लेखी सौ म्हणजे शंभर. शंभर नवऱ्या येणार म्हणते, मांडव मोठा घाला."

मला हसू आवरेना. दादा गालातल्या गालात हसला, आणि मला आवरतं घ्यावं लागेल असं काहीतरी बोलला. "तुला आज गंमत वाटली. मला रोजचं वर्तमानपत्र याच बाई वाचून दाखवतात."

त्या दिवसापासून मी या बाईंच्या मागे लागलो. तीन-चार महिने दादाकडे, त्याच्या मित्रांकडे, अंध मुलांच्या एका संगणक वर्गात बसून ऐकत राहिलो. सुरुवातीला वहीत गमतीदार उच्चार टिपत होतो. वही भरत गेली तसं लक्षात आलं की यातल्या निम्म्या चुका यंत्राच्या आहेत, आणि उरलेल्या आपण मराठीविषयी जे समजून बसलोय त्यातून आलेल्या आहेत.

वाचणारा एक, बोलणारा दुसरा

आधी एक घोळ निस्तरू. आपण 'स्क्रीन रीडर' म्हणतो त्यात दोघं असतात. एक पडद्यावरचं काय वाचायचं ते ठरवतो: इथे बटण आहे, इथे दुवा, इथे परिच्छेद. जॉज, एनव्हीडीए, फोनमधले टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर हे या कामाचे. दुसरा त्या मजकुराचा आवाज करतो. पोथीवर बोट ठेवणारा एक आणि म्हणणारा दुसरा, तसं. बोट बहुधा बरोबर ओळीवर असतं. गडबड म्हणणाऱ्याची होते.

'जॉज' हा टेड हेंटर यांचा. ते मोटरसायकलच्या शर्यतींत उतरायचे. १९७८ साली अपघातात त्यांची दृष्टी गेली, मग ते प्रोग्रॅमिंग शिकले आणि १९८९ साली 'जॉज' आणला. तो उत्तम, पण विकत घ्यायचा म्हणजे आपल्याकडच्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' लिहायला घेतला आणि तो फुकट ठेवला. आज आपल्याकडे अंध मुलांच्या संगणक वर्गात शिरलात, तर बहुधा हाच ऐकू येईल, आणि त्याच्यासोबत 'ईस्पीक'चा तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज. 'ईस्पीक'चं मूळ १९९५ सालचं. इंग्लंडमधल्या जोनाथन डडिंग्टन यांनी एकॉर्न संगणकासाठी ते लिहिलं होतं. आता त्यात शंभरावर भाषा आहेत. मराठीसाठी त्यात दोन साध्या फायली आहेत, एक नियमांची आणि दुसरी अपवादांची. कुणीही उघडून पाहाव्यात, सुधाराव्यात.

नियम आणि अपवाद. बोलणाऱ्या यंत्राची सगळी कहाणी या दोन शब्दांत आहे. १९७६ साली रे कुर्झवाइल यांनी छापील पुस्तक मोठ्याने वाचणारं यंत्र लोकांसमोर आणलं. त्याच वर्षी अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चार काढण्याचे ३२९ नियम प्रसिद्ध केले. इंग्रजीसारख्या बेशिस्त भाषेला ३२९ नियमांत बांधायचं म्हणजे बरंच काही निसटणारच. एकच स्पेलिंग वर्तमानकाळात 'रीड' आणि भूतकाळात 'रेड'. 'डीआर' आणि टिंब म्हणजे कधी डॉक्टर, कधी रस्त्याच्या नावातला 'ड्राइव्ह'. 'एसटी' म्हणजे संत, नाहीतर रस्ता. आपल्याकडे आणखी तिसरा अर्थ, लाल डब्याची गाडी!

एमआयटीतले डेनिस क्लॅट यांनी यावर आयुष्य घातलं. १९८४ च्या सुमारास बाजारात आलेल्या 'डेकटॉक' यंत्रातला 'परफेक्ट पॉल' हा आवाज त्यांच्या स्वतःच्या आवाजावर बेतलेला होता. स्टीफन हॉकिंग यांचा जगभर ओळखला जाणारा आवाजही क्लॅट यांच्याच कामातून निघालेला. खुद्द क्लॅट यांचा आवाज शेवटच्या काळात कर्करोगाने हिरावून घेतला. १९८८ साली ते गेले. हॉकिंग यांना पुढे नवे, गोड आवाज देऊ केले गेले. त्यांनी तो जुना, अमेरिकी वळणाचा, यांत्रिक आवाजच ठेवला. तो आता माझा आहे, असं त्यांचं म्हणणं.

साने गुरुजी आणि मुका ई

दादाच्या कॉम्प्युटरवर बरीच वर्षं फक्त इंग्रजी आवाज होता. बँकेतलं सगळं काम इंग्रजीत, आणि त्यातली माणसं मात्र मराठी. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी 'ई' हे अक्षर आलं की ते स्वतः गप्प बसतं आणि मागच्या स्वराला ताणतं. शाळेत शिकवतात तो नियम. आता मराठी आडनावं आठवा. साने, मोरे, माने, काटे, दाते, गोरे. यंत्राने ती कशी वाचली असतील? सेन, मोअर, मेन, केट, डेट, गोअर. 'साने'चा अर्थ इंग्रजीत 'ताळ्यावर असलेला' निघाला, हे एक बरं. 'गोरे' मात्र रक्तबंबाळ झाले. ठाण्याचं 'थेन' झालं, म्हणजे 'मॅकबेथ'मधल्या स्कॉटिश सरदाराची पदवी. दिवेआगरला पाण्यात सूर मारावा लागला. आणि पुण्याचं जे झालं ते पुणेकरांना सांगण्याची सोय नाही.

"मग तू काय करायचास?"

"डिक्शनरी," दादा म्हणाला, आणि कॉम्प्युटर सुरू केला.

स्क्रीन रीडरमध्ये वापरणाऱ्याला स्वतःचा उच्चारकोश करता येतो. डाव्या रकान्यात खरं स्पेलिंग, उजव्या रकान्यात मुद्दाम बिघडवलेलं. यंत्राने बरोबर बोलावं म्हणून चुकीचं लिहायचं. दादाच्या कोशात चारशेच्या वर नोंदी आहेत. पुण्यासाठी त्याने इंग्रजीत 'पू' आणि 'ने' असे दोन वेगळे तुकडे जोडले आहेत. ठाण्यासाठी चार प्रयत्न झाले. तीन कापून टाकलेत, चौथा टिकला.

पण औषधाचा परिणाम दुसरीकडे होतो. मोरेसाहेबांसाठी नोंद केली आणि दुसऱ्या दिवसापासून इंग्रजी बातम्यांखालचं 'रीड मोअर' हे बटण 'रीड मोरे' म्हणू लागलं. जणू मोरेसाहेबांचं वाचन कमी पडत होतं. मग दादाने फक्त पहिलं अक्षर कॅपिटल असेल तरच 'मोरे' म्हण, अशी अट घातली. ती अट पंधरा दिवस चालली. मग एका अहवालातलं वाक्य त्याच शब्दाने सुरू झालं, आणि भारतातल्या निम्म्याहून अधिक खेड्यांना यंत्राने मोरे करून टाकलं.

रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्या पोरांनी तर कहरच केलाय. दादाचा पुतण्या लिहितो 'अरे, पण तो', आणि इंग्रजी आवाज म्हणतो 'आर पॅन टू'. दादा मनातल्या मनात उलटं भाषांतर करतो. एकदा मी विचारलं, इतक्या वेगात हे जमतं कसं? तो म्हणाला, "तुम्ही डॉक्टरांची चिठ्ठी वाचता ना? तसंच."

जसं लिहितो तसं वाचतो?

इथवर सगळा दोष इंग्रजीचा होता, आणि मी मनातून सुखावलो होतो. आपली मराठी अशी नाही. जशी लिहायची तशीच वाचायची. शाळेत बाईंनी सांगितलेलं, आपण मुलांना सांगितलेलं. मग दादाने हिंदी आवाज लावला.

हिंदी आणि मराठीची लिपी एकच, त्यामुळे मराठी आवाज मिळेपर्यंत अनेकांनी हिंदीवरच दिवस काढले. आजही अनेक फोनमध्ये भाषेची निवड चुकली की बाई हिंदीत शिरतात. त्या 'ज्ञानेश्वर'ला ग्यानेश्वर म्हणतात, 'कृष्णा'ला क्रिष्णा. 'पैसे' आणि 'औषध' यांतले आपले जोडस्वर सपाट होऊन जातात. काही आवाजांना ळ जमत नाही. मग 'बाळ झोपलं' या वाक्यात केस झोपतात आणि 'वेळ झाली' की अंगणात वेल उगवते. एकच लिपी दोन तोंडांत दोन तऱ्हेने वाजते. अक्षरात उच्चार असता तर असं झालं नसतं.

मग दादाने खास मराठीसाठी केलेला आवाज लावला. तो पुष्कळ बरा. ळ ठसठशीत, ज्ञ आपला. आणि तरी अडखळतोच.

'जग' हा शब्द घ्या. हे सगळं जग, आणि 'शंभर वर्षं जग' असा आशीर्वाद. पहिल्यात जीभ टाळूला लागते, दुसऱ्यात तिचं टोक दातांमागे जातं. लिहिताना फरक शून्य. जून महिना आणि जून भेंडी. जरा थांब म्हणतो तो 'जरा', आणि म्हातारपण म्हणजे 'जरा'. गाई चार आहेत, आणि त्यांना चारा चार. 'चंद्र' एका च-चा, 'चांदोबा' दुसऱ्या च-चा. 'चिंच' या एवढ्याशा शब्दात दोन्ही. 'माझा' म्हणताना झ वेगळा, 'माझी' म्हणताना वेगळा. हा शेवटचा भाग यंत्राला शिकवता येतो, कारण पुढे इ, ए किंवा य आला की मराठी च-ज-झ टाळूकडे सरकतात. पण अ आणि आ पुढे असताना शब्द संस्कृतातून थेट आलाय की घरचा आहे, हे माहीत असावं लागतं. आपल्याला ते 'माहीत' नसतं, फक्त तोंडाला सवय असते. यंत्राला तोंड नाही.

तीच गोष्ट लपलेल्या 'अ'ची. ठाण्याच्या पुढचं स्टेशन 'कळवा' म्हणताना मधला अ आपण गिळतो. 'पोचल्यावर कळवा' म्हणताना तोच अ नीट उच्चारतो. दादाच्या फोनला मी मेसेज पाठवला, 'कळव्याला उतरलास की कळवा', आणि त्यात मी 'तू' सोडून 'तुम्ही'वर का आलो, हे दादाने आधी विचारलं. उच्चाराचं मग.

दरीचं अनेकवचन 'दऱ्या' आणि समुद्र तो 'दर्या'. आचाऱ्यांना वाढलेलं ताट आणि आचार्यांना वाढलेलं ताट. कागदावर हा फरक डोळ्यांना दिसतो. कॉम्प्युटरमध्ये तो अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, आणि एका पद्धतीत मधे न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. आवाजाला ते कळलं तर ठीक. नाही कळलं तर स्वयंपाकी थेट मठाधिपती होतो. 'ॲ' या अक्षराची तऱ्हा तीच. युनिकोडमध्ये ते स्वतंत्रपणे २००८ साली आलं. त्याआधी लोक अ-वर चंद्र बसवून काम भागवत, आणि अजूनही भागवतात. दिसायला दोन्ही एकच. यंत्राच्या लेखी मात्र दोन वेगळी अक्षरं.

आणि अनुस्वार! 'सिंह', 'संयम', 'संवाद' या तिन्हींतला तो ठिपका आपण एकाच तऱ्हेने म्हणत नाही. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांनी, जिथे उच्चार होत नाही तिथले अनुस्वार काढून टाकले. त्याआधीची पुस्तकं त्या ठिपक्यांनी भरलेली. अशी जुनी कादंबरी दादाच्या आवाजाने वाचली की त्यातली सगळी पात्रं सर्दी झाल्यासारखी बोलतात. पण नव्या लेखनातही सुटका नाही. 'असे, केले, म्हटले' याऐवजी आपण बोलण्यातलं 'असं, केलं, म्हटलं' लिहितो, तेव्हा शेवटचा ठिपका नाकातला नसतोच. अ जरा लांबवा, एवढीच ती खूण असते. एका ठिपक्याला आपण दोन कामं लावली आणि कुणालाच सांगितलं नाही.

चुकावं, पण नेहमी तसंच

मला वाटलं होतं, नवे, माणसासारखे बोलणारे आवाज आले की दादा खूश होईल. त्याने ते वापरून पाहिले आणि वाचनासाठी पुन्हा पत्र्याच्या डब्याकडे गेला.

कारण एक, वेग. दादा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास शब्द ऐकतो. मला तो आवाज ज्वारी चाळणीतून पडावी तसा ऐकू येतो. त्या वेगात माणसासारखा आवाज लडबडतो, यांत्रिक आवाजाच्या कडा मात्र शाबूत राहतात. म्हणून तर २०२२ साली ॲपलने 'एलोक्वन्स' हा नव्वदच्या दशकातला आवाज आयफोनमध्ये आणला तेव्हा जगभरच्या अंध लोकांना जुना मित्र भेटल्यासारखं झालं.

दुसरं कारण मला अधिक पटलं. "हा जुना नेहमी तसाच चुकतो," दादा म्हणाला. "'मोअर' आलं की मी मोरे समजतो. नवा आवाज एकदा बरोबर म्हणतो, एकदा चुकतो, आणि दोन्ही वेळा तितक्याच आत्मविश्वासाने. मग मी पकडायचं कुठे?"

चूक गमतीची राहत नाही अशाही जागा असतात. ओटीपी आला की आवाज कधी "चार लाख त्र्याऐंशी हजार" असं वाचतो. ते ऐकून, सुटे आकडे मनात मांडून, टाइप करेपर्यंत वेळ संपतो. गोळीच्या पाकिटावरचं 'मि.ग्रॅ.' हे 'मी' होऊन येतं. अशा वेळी दादा बोट मागे नेतो आणि शब्द अक्षराअक्षराने ऐकतो. तिथेही बाई हिंदीत असल्या तर काना 'आ की मात्रा' होतो, वेलांटी 'इ की मात्रा'. मराठीत मात्रा म्हणजे अक्षरावरची ती एकच तिरकी रेघ. दादाला सुरुवातीला वाटायचं, सगळे शब्द ए-कारान्तच झाले की काय!

संगणक वर्गात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी भेटली. दहावीपर्यंत ती ब्रेलवर शिकली, पुढे सगळं आवाजावर. "सर, माझं शुद्धलेखन कॉलेजात बिघडलं," ती म्हणाली. "दिन आणि दीन मला सारखेच ऐकू येतात. बोटांनी वाचायचे तेव्हा वेलांटी हाताला लागायची." भारतीय भाषांसाठी समान ब्रेल १९५१ साली ठरलं. त्यात ह्रस्व इ आणि दीर्घ ई यांचे ठिपके वेगळे. आवाज झरझर पुढे जातो आणि अक्षर मागे ठेवून जातो. पण ब्रेल पुस्तकांचे गठ्ठे घेऊन बसने फिरता येत नाही, हेही तिनेच सांगितलं.

दिवाळी अंकाचं काय?

दादाची आई, म्हणजे माझी मावशी, दर दिवाळीत त्याला अंक वाचून दाखवायची. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही आपली मिरास. मावशी सातवी शिकलेली, पण 'जग' आणि 'जग' यांत तिचा एकदाही गोंधळ झाला नाही. ती गेल्यावर दादाने पीडीएफ मागवायला सुरुवात केली. पहिली फाइल उघडली आणि बाई अगम्य इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के आणि कंस बडबडू लागल्या. तो अंक युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये लावलेला होता. त्या फाँटमध्ये आत रोमन अक्षरंच असतात, वर देवनागरीचा मुखवटा चढवलेला. आपल्याला मुखवटा दिसतो. दादाला तो ऐकू येत नाही.

म्हणून हा लेख लिहून झाल्यावर मी युनिकोडमधली फाइल त्यालाच पहिल्यांदा पाठवली. तासाभरात फोन आला.

"दोन गोष्टी. एक, लेख मराठीत आहे ना? बाई 'असम्, केलम्, म्हटलम्' म्हणतायत. मला वाटलं तू संस्कृतात लिहायला लागलास."

"आणि दुसरी?"

"शीर्षकात तू एकच शब्द दोनदा टाइप केलायस. 'जग आणि जग'. मी चूक समजून पुढे गेलो. मग खाली आलो तिथेही तेच. जून आणि जून, जरा आणि जरा. दुसऱ्यांदा मागे जाऊन ऐकलं तेव्हा पेटली."

मला हे आधी सुचायला हवं होतं. लेखाचा गाभाच त्या आवाजाला वाचता येत नव्हता. मी म्हटलं, भाषाशास्त्राच्या पुस्तकांत दातांमागच्या ज-खाली टिंब देतात, तसं देऊ का? त्याने हो म्हटलं. मी टिंब दिलं, फाइल पुन्हा पाठवली. पाच मिनिटांत तो परत फोनवर.

"आता 'ज़ग' म्हणते. उर्दूतल्या जिंदगीचा ज. आपलं जग शायरी करायला लागलं."

"मग काढून टाकू टिंब?"

"काढ. थांब, ऐक." आणि मग दादाने फोनवर मला माझीच ओळ सावकाश म्हणून दाखवली: हे सगळं जग, आणि शंभर वर्षं जग. दोन्ही ज आपापल्या जागी. मावशी म्हणायची तसे.

टिंब काढलंय.